नवं यू-बूट (छोट्या संगणक-बोर्डाला सुरू करणारा प्रोग्राम) टाकलं आणि बोर्ड गप्प?
स्क्रीन काळी असताना पुन्हापुन्हा मेमरी कार्ड लिहीत बसू नका. बोर्डाच्या सिरीयल पिना संगणकाच्या यूएसबीला जोडणारा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर लावा. बूट नेमकं कुठे अडकलं ते वाचता येतं.

१. आधी ग्राउंडला ग्राउंड. मग बोर्डाचा टीएक्स (पाठवणारी पिन) अडॅप्टरच्या आरएक्सला (घेणारी पिन), आणि बोर्डाचा आरएक्स अडॅप्टरच्या टीएक्सला.
२. मिनिकॉममध्ये (संगणकावरचा सिरीयल टर्मिनल प्रोग्राम) वेग ११५२०० बॉड, हार्डवेअर फ्लो कंट्रोल (वेगळ्या तारांवरून 'थांब-पाठव' सांगण्याची सोय) बंद. ते चालू राहिलं तर अक्षरं दिसतात, पण टाइप केलेलं पोचत नाही.

रॉकचिप कंपनीची चिप असलेल्या बऱ्याच बोर्डांचा वेग मात्र १५००००० असतो. म्हणून लॅमिंग्टन रोडवर (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) अडॅप्टर घेताना त्यातली चिप विचारा: जुनी सीपी२१०२ दहा लाखांपुढे जात नाही, पडद्यावर नुसता कचरा येतो. सीएच३४० स्वस्त आणि पुरेशी.

अडॅप्टरची लाल (वीजपुरवठ्याची) तार मोकळीच ठेवा, त्यावरचा व्होल्टेज निवडायचा जंपर ३.३ व्होल्टवर. ५ व्होल्टने बोर्डाची पिन जळू शकते.