जनावरांच्या कानातले टॅग निवडताना या चुका टाळा

टॅग गळून पडला की आधी तो बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने बोटं मोडली जातात. त्याआधी कान बघा, बरंच काही कळतं. भोक गोल, स्वच्छ आणि टॅगचा दांडा तुटलेला असेल, तर प्लास्टिक हलक्या दर्जाचं होतं किंवा उन्हाने ठिसूळ झालं. भोक शाबूत आणि पडलेल्या टॅगचे दोन्ही भाग धड असतील, तर ते मुळात नीट अडकलेच नव्हते. असं बहुतेकदा टॅग एका कंपनीचा आणि तो बसवायची पक्कड दुसऱ्या कंपनीची असली की होतं. पकडीची पिन जराशी आखूड, बारीक किंवा वाकडी असली तरी टोक पुरतं आत जात नाही. त्या दिवशी मात्र सगळं ठीक वाटतं. कान कडेपर्यंत फाटला असेल, तर टॅगची जागा चुकली किंवा आकार.

जागा चुकते ती घाईत. कानाच्या मधल्या एक-तृतीयांश भागात, कूर्चेच्या (कानातल्या मऊ हाडाच्या) दोन ठळक कण्यांमध्ये आणि मोठ्या शिरा चुकवून टॅग बसला पाहिजे. टॅग टोकाकडे गेला की कान फाटतो. डोकं नीट धरलेलं नसेल तर हे साधत नाही.

आकाराची गल्लत जास्त. मोठा आकडा लांबून दिसतो, पण रुंद टॅग तारेच्या कुंपणात, गव्हाणीच्या गजात आणि झुडपातही अडकतो. दावणीला बांधलेल्या गाईचा नंबर हातभर अंतरावरून वाचायचा, मग तिला मोकळ्या कुरणातल्या कळपाचा टॅग कशाला? वासराच्या पातळ कानाला जड टॅग लावला की कान लोंबतो. उलट, आखूड दांड्याचा टॅग कान वाढला की मांसात रुततो. वाढीला जागा सोडणारा दांडा घ्या, आणि बसवल्यावर टॅग बोटाने मोकळा फिरतो का ते पाहा. फिरत नसेल तर त्याखाली घाण साचते, जखम चिघळते, माश्या बसतात. पहिले दहाएक दिवस कान रोज नजरेखालून घाला. सूज, पू किंवा वास आला तर टॅग ओढू नका, पशुवैद्यकाला दाखवा.

साध्या मार्करने लिहिलेले आकडे ऊन-पावसात पुसट होतात. लेझरने कोरलेले घ्या; पिवळ्यावर काळा आकडा लांबूनही वाचता येतो.

इलेक्ट्रॉनिक टॅग घेताना लोक टॅगचा भाव विचारतात, तो वाचणाऱ्या यंत्राचं, म्हणजे रीडरचं, नाव काढत नाहीत. जनावरांचे नेहमीचे टॅग आयएसओ 11784 आणि 11785 या मानकांनुसार 134.2 किलोहर्ट्झवर चालतात आणि 15 अंकी क्रमांक देतात. त्यात रीडरला क्रमांक पाठवायच्या पद्धतीनुसार एफडीएक्स-बी आणि एचडीएक्स असे दोन प्रकार आहेत. रीडर दोन्ही वाचतो का, हे आधी विचारा. काही मीटरवरून वाचले जाणारे यूएचएफ (अतिउच्च वारंवारतेचे) टॅग वेगळे, त्यांना त्यांचाच रीडर लागतो. रीडर हाताशी नसतानाही जनावर ओळखू यावं म्हणून दुसऱ्या कानात डोळ्यांनी वाचता येणारा टॅग असू द्या.

पडलेल्या टॅगच्या जागी नवा नंबर आला, तर नोंदवहीत जुन्या नंबरासमोरच तो लिहा. नाहीतर लसीकरण आणि वेताच्या नोंदी एका नंबरावर राहतात, गाय दुसऱ्याच नंबराने फिरते.