मानवी तस्करी ओळखताना आणि रोखताना या चुका टाळा

गोव्यातल्या बार्देश आणि मुरगाव या तालुक्यांत सुटकेनंतरच्या कामात मी अठरा वर्षे काढली आहेत. पोलीस, वकील, पंचायत मंडळे आणि दर वर्षी नव्या उत्साहाने येणारे स्वयंसेवक यांच्याबरोबर बसताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: तस्करीचे खटले पहिल्या दोन दिवसांतच कच्चे होतात आणि बहुतेक वेळा ते घाईने कच्चे होतात. मुलगी बाहेर काढली की काम फत्ते झाले, असे मानणाऱ्यांचे मला मनापासून वाईट वाटते, कारण खरे काम त्यानंतर सुरू होते.

कुलूप आणि मारहाणीच्या खुणा शोधत बसणे

नवखा माणूस कोंडून ठेवलेली, रडणारी मुलगी शोधतो आणि ती सापडली नाही की परत फिरतो. काही वर्षांपूर्वी पर्वरीजवळच्या एका फ्लॅटवर पोलिसांनी धाड घातली तेव्हा मी सोबत होते. दार उघडे होते, मुलीच्या हातात मोबाईल होता आणि ती थोड्याच वेळापूर्वी खालच्या दुकानातून दूध घेऊन आली होती. पंच म्हणून आलेल्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारले, "मॅडम, ही तर आपखुशीने राहते. हिला कोणी धरून ठेवलंय?"

त्याचे उत्तर फ्रिजवरच्या एका वहीत होते. पहिल्या पानावर मुलीचे नाव आणि त्याखाली विमानाचे तिकीट, कपडे, खोलीभाडे, जेवण, डॉक्टर अशा नोंदी होत्या. कमाई एका रकान्यात आणि खर्च दुसऱ्या रकान्यात मांडलेला होता, आणि चार महिने काम करूनही तिच्या नावावरचे देणे पहिल्या दिवसापेक्षा वाढलेले होते. आधारकार्ड फ्लॅट चालवणाऱ्या बाईच्या पर्समध्ये निघाले. घरी हॉटेलात नोकरी करते असे सांगितले होते, आणि पळून गेलीस तर खरे काय ते गावात कळवीन, एवढी एक धमकी तिला पुरत होती. दाराला कुलूप लावण्याची कोणाला गरजच पडली नव्हती.

कायद्याला हे ठाऊक आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 143, म्हणजे पूर्वीच्या दंडसंहितेचे कलम 370, धाकदपटशा आणि अपहरणाबरोबरच फसवणूक, अधिकाराचा गैरवापर आणि आमिष यांनाही तस्करीचे मार्ग मानते, आणि गुन्हा ठरवताना पीडित व्यक्तीची संमती विचारात घेतली जात नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. दुसरी बाजूही तितकीच लक्षात ठेवावी. स्वेच्छेने हे काम करणाऱ्या सज्ञान स्त्रीला धाडीत अटक करू नये, दंड करू नये किंवा त्रास देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 रोजी बजावले आहे. म्हणून चेहरा पाहून निष्कर्ष काढण्यापेक्षा मी चार प्रश्न विचारते: देणे किती आहे, ओळखपत्र कोणाकडे आहे, घरी पैसे कोण पाठवतो आणि उद्या काम सोडते म्हटले तर काय होईल. चौथा प्रश्न मी चहा झाल्यावर आणि जागा चालवणारी बाई नजरेआड असतानाच विचारते, कारण ती समोर असेल तर मुलगी उत्तर देण्याआधी तिच्याकडे पाहते.

स्वतःच बनावट गिऱ्हाईक होणे

या चुकीने मला सर्वांत जास्त मनस्ताप दिला आहे. एका पावसाळ्यात म्हापशाच्या बाजूच्या एका बंगल्याबद्दल खबर मिळाली होती आणि पोलिसांशी बोलणे झाले होते. दोन दिवस थांबायचे ठरले होते. आमच्यातल्या एका तरुण स्वयंसेवकाला ते दोन दिवस सहन झाले नाहीत. त्याने जाहिरातीतल्या क्रमांकावर गिऱ्हाईक म्हणून फोन केला, मुली किती आहेत, वयाने सर्वांत लहान कोण, पत्ता नेमका कुठला, असे एकामागून एक प्रश्न विचारले आणि संभाषण ध्वनिमुद्रित करून आमच्या गटात पाठवले. दुसऱ्या दिवशी पथक पोहोचले तेव्हा बंगल्यात कोणी नव्हते. गॅलरीतल्या दोरीवर तीन ओढण्या भिजत होत्या आणि चुलीवरच्या पातेल्यातला भात अजून कोमट होता. त्यांतली एक मुलगी सात महिन्यांनी दुसऱ्या राज्यात सापडली. ते सात महिने तिला कोणीही परत देऊ शकत नाही, आणि त्या मुलाचा हेतू चांगला होता या समर्थनाला मी तेव्हाही मान्यता दिली नाही, आजही देत नाही.

धाड घालणे हे अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, 1956 खालच्या विशेष पोलीस अधिकाऱ्याचे काम आहे. कलम 15 त्याला वॉरंटशिवाय झडती घेण्याची मुभा देते, पण कारणे लिहून ठेवावी लागतात, परिसरातील किमान दोन प्रतिष्ठित व्यक्ती पंच म्हणून घ्याव्या लागतात आणि त्यांत निदान एक स्त्री असावी लागते. आपण केलेला फोन यांतली कोणतीच अट पुरी करत नाही. तो फक्त दलालाला सावध करतो. माझी सवय साधी आहे. मी स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिले ते तारीख आणि वेळ घालून एका कागदावर लिहिते, ऐकीव गोष्ट वेगळ्या ओळीत ठेवते, तो कागद अधिकाऱ्याच्या हाती देते आणि गप्प बसते. धोका तातडीचा असेल तर 112 आणि मूल असेल तर 1098 हे क्रमांक आहेतच.

'मावशी' आली म्हणून मुलगी सोपवणे

सुटकेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोणीतरी नातेवाईक हजर होतो. एकदा साडी नीट नेसलेली, हातात फळांची पिशवी असलेली एक बाई आली, मुलीची मावशी म्हणून आधारकार्ड दाखवू लागली आणि मुलीनेही मान हलवली. मुलगी आपले वय एकवीस असल्याचे सांगत होती, पण जन्मवर्ष विचारले की बोटांवर मोजत होती. मी तिच्या शाळेचा पत्ता काढून मुख्याध्यापकांना पत्र पाठवले. आठ दिवसांनी शाळा सोडल्याचा दाखला आला, त्यावरून ती सोळा वर्षांची निघाली, आणि त्या मावशीचा फोन तोवर बंद झाला होता.

अनैतिक व्यापार अधिनियमाच्या कलम 17 नुसार सुटका झालेल्या व्यक्तीला दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते आणि तिच्यावर वाईट प्रभाव पडेल अशा कोणाच्याही ताब्यात देता येत नाही. घरच्यांकडे सोपवण्याआधी ते खरे आहेत का आणि सांभाळायला समर्थ आहेत का, याची चौकशी कलम 17-अ प्रमाणे करून घ्यावी लागते. मूल असल्यास चोवीस तासांत बालकल्याण समितीकडे न्यावे. वयाबाबत बाल न्याय अधिनियमाच्या कलम 94 मधला क्रम पाळावा: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. तपासणीचा अहवाल लवकर मिळतो म्हणून थेट तिकडे धावणारे पुढे उलटतपासणीत अडकतात. दाखल्यासाठी आठ दिवस लागत असतील तर आठ दिवस द्यावेत; मुलगी तोवर मेरशीच्या संरक्षणगृहात किंवा बालगृहात सुरक्षित असते.

थोडक्यात सांगण्याजोग्या चुका

वास्कोजवळची बायणाची वेश्यावस्ती जून 2004 मध्ये पाडली गेली म्हणून गोव्यातला हा व्यापार संपला, असे समजू नका. तो भाड्याच्या फ्लॅटांत, लॉजमध्ये आणि मसाज पार्लरांत पसरला, म्हणून शोधायला अधिक कठीण झाला.

सुटका झालेल्या मुलीचा चेहरा झाकून का होईना, फोटो काढू नका. ओढणी, चप्पल आणि खोलीची भिंत यांवरूनही गावातली माणसे ओळखतात.

प्रतिष्ठित माणसाला संशयातून वगळू नका. मडगावात अनाथ मुलांचे आश्रयगृह चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला मुलांच्या लैंगिक शोषणाप्रकरणी 1991 मध्ये अटक झाली आणि 1996 मध्ये जन्मठेप झाली. त्याआधी अनेकांच्या लेखी तो परोपकारी गृहस्थ होता.

हॉटेलवाल्यांनी 'आमचा काय संबंध' म्हणू नये. कुटुंबीयांबरोबर किंवा नातेवाइकांबरोबर नोंद नसलेल्या मुलाला खोलीत जाऊ देण्यास गोवा बाल अधिनियम, 2003 मनाई करतो. घरमालकांचेही तेच: अनैतिक व्यापार अधिनियमाच्या कलम 18 खाली जागेला टाळे लागू शकते, म्हणून भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या.

तस्करी म्हणजे फक्त देहविक्रय नव्हे. ट्रॉलरवरच्या खलाशाचे ओळखपत्र मालकाकडे असेल, घरकामाच्या मुलीचा पगार परस्पर एजंटाला जात असेल, तर तिथेही तेच चार प्रश्न विचारा. आखातात घरकामाला निघालेल्या बाईने एजंट ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे का, हे पैसे देण्याआधी पाहावे.

दुभाषा म्हणून त्याच फ्लॅटमधली दुसरी मुलगी कधीही घेऊ नका.

आणि मुलगी गावी गेली की फाईल बंद करू नका. साक्षीची तारीख येईपर्यंत वर्षे जातात, क्रमांक बदलतात, लग्ने होतात, आणि साक्षीदार सापडला नाही की दलाल सुटतो. वर सांगितलेल्या सोळा वर्षांच्या मुलीची साक्ष दोन वर्षांहून अधिक काळाने तिच्या जिल्ह्याच्या न्यायालयातून व्हिडिओद्वारे झाली. तोवर घरचा क्रमांक दोनदा बदलला होता, पण दाखला पाठवणाऱ्या मुख्याध्यापकांचा क्रमांक मी जपून ठेवला होता, आणि तारखेच्या आदल्या दिवशी तेच सायकलवरून तिच्या घरी निरोप घेऊन गेले.