स्वस्तात बॉक्सिंग ग्लोव्हज घेताय? या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजारजवळच्या एका जुन्या हॉलमध्ये मी संध्याकाळी मुलांना बॉक्सिंग शिकवतो. जूनमध्ये नवी बॅच आली की पहिल्याच आठवड्यात आईवडील विचारतात, "सर, ग्लोव्हज कुठले घेऊ? फार महाग नकोत." हजार ते दोन हजारांतले पीयूचे, म्हणजे कृत्रिम कातड्याचे, ग्लोव्हज रोजच्या सरावाला व्यवस्थित पुरतात. कातड्याचे जास्त टिकतात हे खरं, पण नुकतं शिकायला लागलेल्या मुलासाठी तेवढा खर्च करायची गरज नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो आकड्यांचा. "10 नंबर घट्ट होईल म्हणून 12 घेतला," असं एक काका मला सांगत होते. तो आकडा हाताचं माप नव्हे, वजन आहे. 10 औंस म्हणजे साधारण 280 ग्रॅम आणि 16 औंस म्हणजे साडेचारशे. वजन जास्त तेवढं आतलं पॅडिंग जास्त. हौशी स्पर्धांत 10 किंवा 12 औंसांचे वापरतात, तेच टीव्हीवर दिसतात आणि मुलं तेच मागतात. रोज पंचिंग बॅगवर मारायला 50 ते 70 किलोच्या माणसाने 12 औंसांचे घ्यावेत, त्याहून वजनदाराने 14 चे. स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत खेळताना, मोठ्यांनी 16 चेच घालावेत, कारण समोरच्याचं डोकंही आपल्यासारखंच नाजूक असतं.

दुसरी चूक दुकानात होते. मोकळा हात घालून बघतात, छान बसतो, घेऊन येतात. मग 180 इंची हँडरॅप, म्हणजे ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायची कापडी पट्टी, बांधला की तोच हात आत जात नाही. म्हणून आधी दोनशे-तीनशे रुपयांचे रॅप घ्या, ते बांधूनच दुकानात ग्लोव्हज घाला आणि मूठ वळा. मूठ सहज पूर्ण वळली पाहिजे. बोटांची टोकं पुढे टेकावीत, पण दुमडू नयेत. अंगठ्याला ताण नको. मग मनगट मागेपुढे वाकवून बघा. वेल्क्रो ओढून लावल्यावरही ते सहज वाकत असेल तर ती जोडी परत ठेवा, रंग कितीही आवडला तरी.

आता आतल्या फोमबद्दल, कारण तो बाहेरून दिसत नाही. गेल्या वर्षी एका मुलाची करंगळीकडची बाजू दुखायला लागली. ऑनलाइन सवलतीत घेतलेली जोडी, दोनच महिने वापरलेली. त्याला विचारून मी शिवण उसवली. आत एकसंध थर नव्हताच, फोमचे तुकडे भरले होते आणि ठोसा बसतो नेमकी तिथली जागा मोकळी करून ते मनगटाकडे सरकले होते. ते बघून मला फार वाईट वाटलं. मुलगा इमानदारीने घाम गाळत होता आणि हाडावर मार खात होता. करंगळीमागचं हाड ठोशांनी मोडणं या खेळात नवीन नाही. दुकानात ग्लोव्ह हातात घालून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मुठीवरचा भाग जोरात दाबा. आतली हाडं लगेच हाताला लागली किंवा खड्डा तसाच राहिला, तर समजून जा.

सरावात हात सुन्न पडत असेल तर बहुतेक वेळा रॅप फार आवळलेला असतो, ग्लोव्हजला दोष देण्याआधी तो सैल करून बघा. बोटांची सालं निघत असतील तर आत हात सरकतोय. आणि करंगळीकडे दुखत असेल तर आधी ठोसा तपासा, तो तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर बसायला हवा. दुखणं थांबलं नाही तर डॉक्टरांकडे जा.

आपल्याकडे पावसाळ्यात बडोद्याच्या दमट हवेत ग्लोव्हज बॅगेत बंद ठेवले की तिसऱ्या दिवशी वास मारतात, आठवड्यात बुरशी. घरी गेल्यागेल्या वेल्क्रो पूर्ण उघडा, आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने ते बदला आणि जोडी पंख्याखाली तोंड खाली करून टांगा. उन्हात ठेवू नका, पीयूला भेगा पडतात. मशीनमध्ये तर मुळीच नाही. रॅप मात्र प्रत्येक वेळी धुवा, म्हणून दोन जोड्या असू द्या.

शिवण उसवली तर चपला शिवणाऱ्याकडून पक्की होते, आमच्याकडच्या दोन जोड्या तशाच चालू आहेत. फोम दबून चपटा झाला असेल तर मात्र त्या जोडीने स्पारिंग त्याच दिवशी बंद करा.