भंगारातील डेप्थ चार्जच्या भागांवरील खुणा कशा वाचाव्यात

जहाजांवरून निघालेले जुने पितळ भंगारवाल्यांमार्फत भंडाऱ्याच्या भट्ट्यांपर्यंतही पोहोचू शकते, आणि एकदा ते वितळले की त्यावरील खुणा कायमच्या जातात. ब्रिटिश नौदलाचा डेप्थ चार्ज, म्हणजे पाणबुडीविरुद्ध वापरला जाणारा स्फोटकांचा पिंप, १९१६ पासून वापरात आला. त्याचे सुटे भाग ओळखता येणे म्हणूनच मोलाचे आहे.

मात्र भाग रिकामा असल्याची खात्री नसेल, तर त्याला हात लावू नये, तो हलवू नये, कापू नये, तापवू नये. पोलीस पाटलांना कळवावे किंवा ११२ वर फोन करावा. पुलगावजवळ २०१८ साली जुना दारूगोळा नष्ट करतानाच स्फोट होऊन माणसे दगावली होती, आणि ते काम तर अधिकृतपणे चालले होते. पिंपाच्या मधोमध जाणाऱ्या नळीच्या एका टोकाला पिस्तूल, म्हणजे पाण्याच्या दाबाने चालणारी कळ, आणि दुसऱ्या टोकाकडून प्रायमर, म्हणजे मुख्य स्फोटकाला उडवणारा भाग, बसवत. प्रायमरचा लहानसा डबा दिसायला निरुपद्रवी असला, तरी त्यातही स्फोटक असते.

रिकाम्या ठरलेल्या भागालाही चिंच, राख किंवा तारेचा ब्रश लावू नये, कारण उथळ ठसे घासले जातात. टॉर्च बाजूने तिरपा धरला की अक्षरांच्या कडांची सावली पडते. त्याच वेळी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावा.

सर्वप्रथम कावळ्याच्या पावलासारखा तीन रेघांचा बाण शोधावा. ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण होय. बाणासोबत ‘एन’ हे अक्षर असेल तर माल नौदलाचा, आणि बाणाखाली ‘आय’ असेल तर तो भारत सरकारचा समजावा. एवढ्यावरून तो भाग डेप्थ चार्जचाच आहे असे मात्र ठरत नाही.

त्यासाठी पिस्तुलाच्या तोंडाकडील आकडे पाहावेत. ५०, १००, १५० असे चढते आकडे फुटांत खोली दाखवतात. ते मीटर समजू नयेत आणि वजनही समजू नये. ‘मार्क’नंतरचा अंक नमुन्याचा क्रम सांगतो, तर त्यापुढील तारका त्या नमुन्यात पुढे बदल झाल्याचे दाखवते. १९४४ च्या सुमारापर्यंत हा क्रम रोमन अंकांत लिहीत. दुसऱ्या महायुद्धातील मार्क सात या पिंपात सुमारे २९० पौंड स्फोटक भरत. त्याचा जड प्रकार अधिक वेगाने बुडावा म्हणून १५० पौंडांचे बिडाचे वजन जोडत. म्हणून भंगारात तसा जाड ओतीव तुकडा आला, तर त्याच्याकडेही लक्ष द्यावे.

मुकुटाखालील अक्षर-आकडा तपासनिसाचा असतो. ‘४२’ किंवा ‘१/४३’ यांसारखे आकडे बहुधा वर्ष किंवा महिना-वर्ष दाखवतात. न लागणारे अक्षर अंदाजाने पूर्ण करू नये. वहीत ती जागा मोकळीच सोडावी.

दोन बाण टोकाला टोक लावून उमटवलेले असतील, तर सरकारने तो माल सेवेतून काढून विकला असे समजावे. ती खूण केवळ मालकीविषयी सांगते. आतील स्फोटक काढले आहे की नाही, याच्याशी तिचा संबंध नसतो.