आयनाचा प्रभार काढताना या चुका टाळा

लोहाच्या नावापुढे ‘१०–’ लिहिलेला एक पेपर माझ्या कपाटात अजून आहे. पोरगा खानापूरकडचा, दहावीचा, हुशार. विचारलं, “हे काय करून ठेवलास रे?” तर म्हणतो, “सर, अठरातनं गण वजा केलो की. लोह आठव्या गणात. राहिले दहा.” गण म्हणजे मूलद्रव्यांच्या तक्त्यातली उभी रांग. मोबाइलवर कुठल्याशा व्हिडिओत ही ‘ट्रिक’ बघून आला होता. जस्ताला त्याच हिशेबानं ६– दिलेला!

अणूनं इलेक्ट्रॉन दिले किंवा घेतले की तो आयन होतो, आणि किती दिले-घेतले तो त्याचा प्रभार. ट्रिक खोटी नाही, अर्धी आहे. गण १५, १६, १७ ला चालते: नायट्रोजन ३–, ऑक्सिजन २–, क्लोरीन १–. बाहेरच्या कक्षेत आठ पुरे व्हायला त्यांना तेवढेच इलेक्ट्रॉन कमी पडतात. डावीकडे सोडियम १+, मॅग्नेशियम २+, म्हणजे गणाचाच आकडा. पण ३ ते १२ या मधल्या पट्ट्यात वजाबाकीचा भरवसा धरू नका. लोह २+ आणि ३+, तांबं १+ आणि २+, जस्त २+, चांदी बहुधा १+. हे पाठच करायचं. घोकंपट्टीला नाकं मुरडणारेच इथं आपटतात.

त्या पोराला मी दारातली लाल माती दाखवली. हा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. त्यात दोन लोह, तीन ऑक्सिजन. तीन ऑक्सिजनचे मिळून सहा ऋण, ते दोन लोहांनी फेडायचे, म्हणजे एकेकाला ३+. त्यानं ‘१०–’ खोडलं आणि लगेच विचारलं, “मग २+ कधी?” जोडीदार बघ म्हटलं. एका लोहाला दोनच क्लोरीन असतील तर २+.

दुसरं दुखणं चिन्हाचं. “इलेक्ट्रॉन गेला, मग अधिक कसं?” दरवर्षी हाच प्रश्न. सोडियमचे प्रोटॉन ११, ते जागचे हलत नाहीत. इलेक्ट्रॉन ११ होते, एक गेला, १० उरले. एक धन शिल्लक. मी अजूनही समासात प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन एकाखाली एक लिहितो. पोरं हसतात, हसू देत.

जुन्या तक्त्यात रोमन आकडे असतात, तिथं ऑक्सिजन सहाव्या गणात दिसतो. म्हणून ६+ लिहू नका. गण १८ ला, म्हणजे निष्क्रिय वायूंना, हात लावू नका. हायड्रोजन बहुतेकदा १+, पण सोडियमशी जोडला की १–. कार्बनला ओढूनताणून आयन करू नका, तो इलेक्ट्रॉन वाटून घेणारा. प्रभार चिन्हाच्या वर, उजवीकडे. खाली लिहिलात तर तो अणूंचा आकडा होतो. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, धनायनाचा कॅटायन होईल, प्रभार तोच.

सूत्र झालं की बेरीज करा. निपाणीच्या तंबाखूबरोबर मळतात तो चुना घ्या: कॅल्शियम २+, हायड्रॉक्साइड १–, म्हणून हायड्रॉक्साइड दोन. बेरीज शून्य आली नाही, तर मी पुढचं उत्तर वाचतसुद्धा नाही.