शब्बाथ पाळायला निघालात? मग या चुका टाळा

मटणाला दही चोळलंत का? मग पातेलं गॅसवर चढवायच्या आधी हे वाचा.

आमच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, पोरांना सध्या धर्म पाळायची, शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा विसाव्याचा दिवस) धरायची हौस आली आहे. चांगलंच आहे. पण ती हौस मोबाइलवरचे व्हिडिओ बघून येते, आणि व्हिडिओतल्या परदेशी बाईला आपल्या स्वयंपाकघरातलं ओ की ठो माहीत नसतं. ती सांगते, मांस आणि दूध एकत्र नको, म्हणून चीजबर्गर नको. आमची मंडळी चीजबर्गर सोडतात आणि साजूक तुपावर मटण परततात!

माझ्या भाच्याने ठाण्यात घर घेतलं, तेव्हा शुक्रवारी रात्री पंधरा माणसं जेवायला बोलावली. मटण हझ्झानने (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याने) कापलेलं, मीठ लावून धुतलेलं, सगळं रीतसर. मी गेले, कौतुकाने झाकण उचललं, तर मसाल्याच्या कडेने पांढरे कण फुटलेले. "अरे, यात काय घातलंस?" "दही. मावशी, दही म्हणजे दूध थोडंच?"

करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको, हे तोरात, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, तीन वेळा आलंय. आमच्या जाणत्यांनी त्याचे तीन अर्थ लावले: शिजवायचं नाही, खायचं नाही आणि त्यातून कसला फायदाही घ्यायचा नाही. म्हणजे ती चार किलोची बिर्याणी खालच्या कुत्र्यांनासुद्धा घालता येईना. सरळ कचऱ्यात गेली. सूर्य मावळायला पाऊण तास होता. शेजारच्या गल्लीतून पापलेटं आणली, माझ्या घरून तवा मागवला आणि घाईघाईत तळली. पाहुणे वरणभात आणि पापलेट खाऊन गेले. पातेलं स्टीलचं होतं म्हणून वाचलं: २४ तास न वापरता ठेवलं आणि मग काठावरून ओसंडेपर्यंत पाणी उकळलं. मातीची हंडी असती तर फोडावीच लागली असती.

मटण करायचं त्या दिवशी मी घरात दही विरजतच नाही. दिसलं की हात जातो. आणि दाटपणा हवा तर नारळाचं दूध आहे ना! कोकणातल्या आमच्या आज्यांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवलाय, पण त्यांचे व्हिडिओ नाहीत.

मटणातलं रक्त काढायला मीठ लावतात, त्यातही घाई. अर्धा तास पाण्यात, तासभर खडेमिठात, मग तीनदा धुणं. "वीस मिनिटांत होतं मावशी" म्हणणाऱ्याच्या घरी मी फक्त चहा पिते.

मासळीचं सोपं आहे: पर आणि खवले दोन्ही हवेत. कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, माकुल, मुशी बाद. रडू नका.

मेझुझा म्हणजे दाराच्या चौकटीवर डबीत लावायचं तोरातल्या मजकुराचं चर्मपत्र, दाराचं तोरण नव्हे. सुंदर डबी आणली आणि आत चर्मपत्रच नाही, किंवा छापलेला कागद, असं मी तीन घरांत पाहिलंय. मजकूर हाताने लिहिलेलाच लागतो. डबी आत शिरताना उजव्या हाताला, चौकटीच्या वरच्या एक तृतीयांश भागात.

एलियाहू हनाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या, तसबिरीला हार घालू नका, उदबत्ती तर मुळीच नको. मलिदा (गोड पोह्यांचा प्रसाद) करताना आपण त्याची आठवण काढतो, पण प्रार्थना एका देवाचीच. शेमा, म्हणजे देव एकच ही आपली प्रार्थना, म्हणताना डोळे झाकून आपण दुसरं काय म्हणतो?

आता शुक्रवारी सूर्यास्ताआधी लावायच्या शब्बाथच्या दिव्यांचं. बारा महिने दिवे सात वाजता लावणारी घरं मला ठाऊक आहेत. मुंबईत जूनअखेर सूर्य सव्वासातच्या पुढे मावळतो, पण नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारासच. सात वाजता काडी ओढली की तुम्ही शब्बाथ पाळत नाही, मोडता, कारण त्या दिवशी आग पेटवायचीच नाही. "उशीर झाला, पण लावले तरी" यात पुण्य नाही. लोकल चुकली, सूर्य गेला, तर अंधारात बसा आणि पुढच्या शुक्रवारी लवकर निघा. दर शुक्रवारी सकाळी मी सूर्यास्ताची वेळ फ्रीजवर लिहिते आणि त्याच्या १८ मिनिटं आधी दिवे लावते. आपल्या पूर्वजांच्या हातात घड्याळ नव्हतं, तरी शनिवारी त्यांचा तेलाचा घाणा बंद असायचा. उगाच नाही गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं.

याच्या उलटी चूक नवख्यांची. इन्सुलिन घेणारा माणूस हट्टाने योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास धरतो. डॉक्टर खा म्हणाले तर खायचं. जिवाला धोका असेल तर शब्बाथही बाजूला ठेवायचा, हा धर्मच आहे, सवलत नाही.

आणि शनिवारी सूर्य बुडाला की लगेच मोबाइल हातात घेऊ नका. तीन तारे दिसेपर्यंत शब्बाथ आहे. ठाण्याच्या आकाशात तारे दिसत नाहीत, हे मान्य. म्हणून मी सूर्यास्तानंतर चाळीस मिनिटं धरते. भाचा समोर बसून तिसाव्या मिनिटापासून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत असतो.