सेंट्रल लाईनची वाट न पाहता नॉरअ‍ॅड्रेनॅलिन: तालुक्यातून रेफर करण्याआधी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, चिकोडी किंवा निपाणीच्या दवाखान्यात सेप्सिसचा (जंतुसंसर्ग अंगभर भिनून अवयव बिघडू लागलेला) पेशंट ७०/४० बीपीवर येतो. दोन-तीन बाटल्या सलाईन चढवून त्याला गाडीत घालतात, नॉरअ‍ॅड (नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, शिरा आवळून बीपी वाढवणारं औषध) पुढे सेंट्रल लाईन (मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत घातलेली नळी) टाकल्यावर लावतील म्हणून. हे आता सोडायला हवं. सेप्सिसच्या उपचारासाठीच्या २०२१च्या आंतरराष्ट्रीय ‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस’ मार्गदर्शक सूचनांनुसार सेंट्रल लाईनसाठी न थांबता हातातल्या शिरेतून औषध सुरू करायचं असतं. बीपी पडलेलं राहिलं की मूत्रपिंडं लवकर बसतात. खालची मात्रा प्रौढांसाठी आहे आणि निर्णय डॉक्टरांचाच.

आधी शीर. कोपराच्या खोबणीत किंवा त्याच्या वर, १८ किंवा २० नंबरचा कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी). मनगट आणि पंजा नको. १० मिली सलाईन ढकलून बघा, फुगलं किंवा दुखलं तर ती शीर सोडा. दुसऱ्या हाताला वेगळी लाईन हवीच, आणि बीपीचा पट्टाही त्याच हाताला. नॉरअ‍ॅडच्या हाताला पट्टा बांधला तर दर मोजणीला औषध अडतं आणि पट्टा सुटताच एकदम आत जातं.

मिश्रण करताना अ‍ॅम्प्यूलवरचा मजकूर वाचा, सगळ्यात मोठी चूक इथेच होते. २ मिग्रॅ बायटार्ट्रेट (औषधाचा क्षार) म्हणजे १ मिग्रॅ बेस (प्रत्यक्ष नॉरअ‍ॅड), आणि मात्रा बेसवर मोजतात. ४ मिग्रॅ बेस २५० मिली ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये घातलं की दर मिलीला १६ मायक्रोग्रॅम होतं. ६० किलोच्या पेशंटला दर किलोला दर मिनिटाला ०.०५ मायक्रोग्रॅम द्यायचं तर सिरिंज पंपाचा वेग तासाला ११ मिली, ०.१ साठी साधारण २२ मिली. दर पाच मिनिटांनी बीपी बघत वाढवा. गाठायचा सरासरी दाब ६५: खालचा आकडा दुप्पट करून वरचा मिळवा, तिनाने भागा. ८४/४२ चा सरासरी दाब ५६ येतो, म्हणजे अजून कमी.

सलाईन बंद करायचं नाही. पहिल्या तीन तासांत किलोला ३० मिलीपर्यंत, शक्यतो आरएल (रिंगर लॅक्टेट). फुप्फुसात पाणी ऐकू आलं तर आधीच थांबा. अँटिबायोटिक तासाच्या आत, पहिला डोस पूर्ण. सेफ्ट्रियाक्सोन आरएलसोबत एकाच नळीतून एकत्र सोडू नका, कॅल्शियममुळे साका धरतो.

नॉरअ‍ॅडच्या नळीत दुसरं काहीही ढकलायचं नाही. पँटोप्राझोलचा (अ‍ॅसिडिटीचं औषध) एक बोलस, म्हणजे एकदम ढकललेला डोस, दिला तरी नळीत साठलेलं औषध एका झटक्यात आत जातं आणि बीपी उसळतं. उलट सिरिंज संपली तर दोन-चार मिनिटांत बीपी कोसळतं, कारण हे औषध रक्तात टिकतच नाही. म्हणून पुढची सिरिंज भरून, लेबल लावून शेजारी ठेवा. तासाला २२ मिलीने ५० मिलीची सिरिंज सव्वादोन तास पुरते. निपाणीहून बेळगाव साधारण ७५ किलोमीटर, त्यात घाट आणि वाहतूक; एक जास्तीची सिरिंज गाडीत असलीच पाहिजे. पंपाची बॅटरीही निघण्याआधी तपासा.

कॅन्युलाची जागा दर अर्ध्या तासाला उघडी करून बघा, चादरीखाली झाकून ठेवू नका. कातडी पांढरी, थंड, ताणलेली दिसली की औषध बाहेर झिरपतंय. नॉरअ‍ॅड लगेच दुसऱ्या हाताला हलवा, जुना कॅन्युला काढण्याआधी त्यातून जमेल तेवढं ओढून घ्या आणि कोमट शेक द्या. बर्फ अजिबात नको, आधीच आवळलेल्या शिरा आणखी आवळतात. यावरचा उतारा फेंटोलामाइन तालुक्यात सहसा मिळत नाही. त्याऐवजी टर्ब्युटालिन १ मिग्रॅ १० मिली सलाईनमध्ये मिसळून पांढऱ्या भागाभोवती कातडीखाली टोचता येतं.

मात्रा ०.२५ वर गेली तर बेळगावला फोन करा, तिथे व्हॅसोप्रेसिन (बीपी वाढवणारं दुसरं औषध) जोडावं लागेल. चार तासांनंतरही तेवढीच किंवा जास्त लागत असेल तर हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) ५० मिग्रॅ दर सहा तासांनी.

निपाणीचे कित्येक पेशंट कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी रुग्णालयात जातात, खानापूरचे बेळगावला, आणि प्रत्येक ठिकाणी नॉरअ‍ॅडचं मिश्रण वेगळं. रेफरच्या चिठ्ठीत नुसतं ‘तासाला २२ मिली’ लिहिलं तर पुढच्या सिस्टरने चौपट घट्ट मिश्रण त्याच वेगाने लावण्याचा धोका असतो. चिठ्ठीत चार गोष्टी लिहा: किती मिलीत किती मिग्रॅ बेस, दर किलोला दर मिनिटाला किती मायक्रोग्रॅम, सुरू केल्याची वेळ, आणि कॅन्युला कोणत्या हाताला.